सुनंदाताई थायलंडला जाऊन आल्या

आमच्या ऑफिसात फोन येतो तो पंपाच्या वॉशरसाठी, आणि ठेवला जातो तो थायलंडवर! डीलर विचारतो, "मॅडम, ते नोझल कवा पाठवता?" मी म्हणते, "उद्या." मग पलीकडून हळूच, "मॅडम, ते चौधरीकाकूंच्या मिरचीचं काय झालं होतं जी? आमच्या घरच्यायले सांगा ना एकदा, फोन स्पीकरवर ठेवतो!" झालं. मी सांगते, तिकडे घरदार हसतं, आणि मागे आमचा डिस्पॅचवाला कपाळाला हात लावून उभा असतो. म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे किस्से लिहूनच टाकावेत.

आधी ओळख. मी मेश्राम. हिंगण्याच्या एमआयडीसीत आमची फवारणीचे पंप बनवणारी कंपनी आहे, तिथे मी डीलर डेस्कवर बसते. डीलर म्हणजे गावोगावचे कृषी केंद्रवाले. वर्षभरात जे सगळ्यात जास्त पंप विकतील, त्यांना कंपनी परदेश दाखवून आणते. आणि परदेश म्हणजे थायलंड! दुसरा देश आमच्या साहेबांना माहीतच नसावा. "डीलर खूश होतात," असं सेल्सवाले सांगायचे, आणि सांगताना एकमेकांकडे बघायचे.

बायकोला न्यायची पद्धत नव्हती. त्यामुळे आमच्या अख्ख्या झोनमध्ये हा देश न बघताच बदनाम झालेला होता.

*

दरवर्षी हॉटेलच्या हॉलमध्ये डीलर मीट होते. त्या वर्षी साहेबांनी माईकवर "थायलंड!" म्हटलं, तशी मागच्या रांगेतून शिट्टी आली. मग साहेबांनी पहिलं नाव वाचलं. "सुनंदा ढोके, काटोल!"

शिट्टी मधेच थांबली.

सुनंदाताई म्हणजे, नवरा गेल्यावर दुकानाचं शटर स्वतःच्या हातानं वर केलेली बाई. डोक्यावर पदर, नाकावर चष्मा, आणि पाठीवर पंप! संत्र्याच्या बागेत जाऊन स्वतः फवारणी करून दाखवायच्या, मग शेतकरी दुसऱ्या कोणाचा पंप कशाला घेतो?

उमरेडचे बाबाराव चौधरी उभे राहिले. आमचे सगळ्यात जुने डीलर, थायलंडचे जाणकार म्हणून प्रसिद्ध. एकदम समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुम्ही त्याच्या बदल्यात मिक्सर घेऊन घ्या. कंपनी देते बदलून."

"मिक्सर आहे माह्याकडे," ताई म्हणाल्या. "विमान नाही पाह्यलं."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेब पेचात सापडले. एकट्या बाईला बारा गावच्या पुरुषांबरोबर पाठवणार कसं? शेवटी तिथल्या तिथे जाहीर केलं की यंदा सगळ्यांनी जोडीनं यायचं, आणि ऑफिसची एक लेडी स्टाफ सोबत असेल. लेडी स्टाफ म्हणजे मीच. दुसरी आहेच कोण!

चौधरीकाका खाली बसले ते बसलेच. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, जोडीनं म्हणजे... ज्याच्या त्याच्या बायकोसोबतच ना जी?"

*

मी थायलंडला जाणार हे ऑफिसात कळलं तेव्हा अकाउंट्सपासून पॅकिंगपर्यंत सगळे गालात हसले. एकानं तर विचारलं, "मॅडम, घरी काय सांगितलं?"

घरी काय सांगायचं? माझं माहेर नागपुरातल्या इंदोऱ्याचं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात थायलंड म्हणजे चीवर घातलेले भिक्खू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर तिकडून उपासक येतात, आई त्यांना पाणी देते, केळी देते, हात जोडते. मी सांगितलं तेव्हा तिनं हातातली भाजी खाली ठेवली. डोळे भरून आले तिचे.

"थायलंडले जाऊन राहिली तू? माय वं! किती पुण्याची पोरगी माही!" आणि लगेच दुसरं, "तिथं वाह्यात फिरजो नको. पांढरी साडी ने."

एकाच दिवशी, एकाच शहरात, एकाच देशाबद्दल मी हे दोन्ही ऐकलं. मीही बॅगेत पांढरी साडी भरली आणि वर गॉगल ठेवला.

*

आता खरी भानगड. सुनंदाताईंची पल्लवी लग्नाची. मुलगा सावनेरचा, चांगला, इंजिनिअर. पोरापोरीची पसंती झालेली, बोलणी झालेली, फक्त तारीख काढायची बाकी. मुलाचे वडील नारायणराव गावंडे, बी-बियाण्यांचे मोठे व्यापारी, पंचक्रोशीत शब्दाला मान. त्यांचा ताईंच्या दिराला फोन आला.

"विहीणबाई थायलंडले जाऊन राहिल्या म्हणे? आमच्या घराले नाव आहे गा. आधी तुमचं काय ते ठरू द्या, मंग तारखेचं पाहू."

दीर धावत दुकानात आला. "वहिनी, कॅन्सल करा! पोरीचं जमलेलं तुटून राह्यलं!"

ताई दुसऱ्या दिवशी एसटीनं हिंगण्याला आल्या. माझ्या टेबलासमोर बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाईला मी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा. कसा आहे तो देश?"

मी म्हटलं, "ताई, मीच नाही पाहिला अजून."

"पल्लवी म्हणते, आई, तू जिंकून बसली आणि त्यायच्या भेवानं घरी राह्यली, तं मी त्या घरात सून म्हणून कशी बोलीन?" ताईंनी बोटाचा पदर सोडवला. मग चष्मा पुसला. "जाऊ. ऐकीव मालाची मी दुकानात पावती नाही फाडत."

मला त्या बाईचा असा अभिमान वाटला की मी तिच्यासाठी कँटीनमधून स्पेशल चहा मागवला.

*

बँकॉकच्या विमानतळावर आमची गाइड उभी होती. नाव नोई. ठेंगणी, हसरी, आणि इतक्या भारतीयांना फिरवून फिरवून तोडकंमोडकं हिंदी शिकलेली. बसमध्ये चौधरीकाकांनी माईकचा ताबा घेतला. "सगळे माह्या मागं राहा. मले इथलं सगळं माहीत आहे. बायकायनो, रस्त्यानं खाली मान घालून चाला!"

नोईनं आदरानं विचारलं, "सर कितनी बार आया?"

"बहोत बार!"

"तो बडा मंदिर देखा?"

"बाहर से."

"नदी का मार्केट?"

"बस से."

"राजा का महल?"

"फोटो में."

चौधरीकाकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "अवो, माईक देऊन द्या त्या पोरीले."

*

चौधरीकाकूंची एक बॅग कपड्यांची आणि दोन खाण्याच्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तिकडे किडेच खातात, दुसरं काही मिळतच नाही. पोहे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, सगळं उमरेडहून आणलेलं. हॉटेलच्या नाश्त्याला त्या डायनिंग हॉलमध्ये बसून स्वतःचा डबा उघडायच्या आणि आजूबाजूच्या प्लेटांकडे दयेनं बघायच्या.

मग आम्ही बाजारात गेलो. एका गाडीवर एक बाई उंच खलबत्त्यात काहीतरी कुटत होती. लसूण, हिरव्या मिरच्या, वरून दाण्याचं कूट. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अवं, हे तं ठेचा करून राहिली!"

काकू पुढे गेल्या. खुणेनं बत्ता मागितला. त्या बाईनं हसत दिला. काकूंनी दोन-चार दणके असे मारले की बाजूच्या दुकानातल्या बायका बघायला आल्या. मग तिनं चमच्यावर थोडं घेऊन काकूंना चाखायला दिलं. बारीक नखाएवढ्या मिरच्या! काकू म्हणाल्या, "नागपूरकडची बाई आहो मी. सावजीचा रस्सा पाण्यासारखा पेते. याचं काय मले!"

चमचा तोंडात गेला. काकूंचे गाल लाल. नाक लाल, कान लाल. डोळ्यातून धारा लागल्या. चौधरीकाका पाण्याची बाटली घेऊन धावले. काकूंनी त्यांना हातानं थांबवलं, नाक पुसलं, आणि त्या बाईला चक्क मिठी मारली.

"मानलं बाई तुले! माह्या डोयात पाणी आणणारी पहिलीच तू!"

त्यानंतर पोह्यांची पिशवी उघडली गेली नाही. येताना दोन्ही बॅगांत मिरच्या भरून निघाल्या होत्या, त्या विमानतळावर काढून घेतल्या. आपल्या पोरी सासरी निघाल्यासारख्या काकू रडल्या.

*

सुनंदाताईंचं तिथे पहिलं भांडण झालं ते संत्र्यावरून. काटोलची बाई, परदेशात संत्री बघितल्यावर पाय थांबणारच. पण टोपलीतली संत्री हिरवीगार! ताईंनी एक उचललं, दाबलं, वास घेतला आणि विकणारीवर मराठीतच बरसल्या.

"काहून वं, कच्चा माल विकून राहिली? झाडावर ठेवाले काय झालं होतं? आमच्या मंडीत असा माल आणला तं लोक टोपलीसकट हाकलतात!"

ती बाई घाबरली नाही. तिनं शांतपणे एक संत्रं सोललं आणि अर्धं ताईंच्या हातावर ठेवलं. ताईंनी एक फोड खाल्ली. मग दुसरी. मग सगळं संपवलं. इतकं गोड!

नोई म्हणाली, "हमारा संतरा ऐसा ही. बाहर हरा, अंदर मीठा."

ताईंनी ती हिरवी साल उलटसुलट करून पाहिली. मग त्या बाईसमोर दोन्ही हात जोडले. तिनंही जोडले. तिथली तीच पद्धत आहे. कोण कोणाची माफी मागतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं.

"मॅडम," चालता चालता ताई मला म्हणाल्या, "गावंडेंच्या घरी हेच संत्रं न्यायले पाहिजे होतं."

*

मोठ्या विहारात मी आईची पांढरी साडी नेसून गेले. गॉगल हॉटेलवरच राहिला.

आत शेकडो माणसं जमिनीवर बसलेली, पण आवाज नाही. मी गुडघ्यावर बसले, पंचांग प्रणाम केला. शेजारी काही म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, त्यांनी वंदना सुरू केली. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. त्रिशरण! आमच्या इंदोऱ्याच्या विहारात रविवारी म्हणतो तेच! मी त्यांच्यात आवाज मिसळला. एका म्हातारीनं वळून पाहिलं, आणि न थांबता माझा हात धरला. मी म्हणत होते आणि रडत होते. लाज वाटली नाही.

बाहेर आल्यावर नोईनं आश्चर्यानं विचारलं, "दीदी, आप थाई जानता?"

"नाही गं," मी म्हटलं, "ये तो हमारे मोहल्ले का है!"

तिकडे चौधरीकाका मूर्तीसमोर बसले होते. आपल्याकडे कीर्तनाला बसतो तसे, ऐसपैस, पाय लांब करून. तिथे तर बुद्धाकडे तळवे करणं म्हणजे मोठा अपमान. एका भिक्खूनं लांबून हळूच खूण केली. काकांना वाटलं ते आशीर्वाद देत आहेत, त्यांनी पाय आणखी सैल सोडले! शेवटी काकूंनीच त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"इतक्या बार आले आणि अजून पाय कुठं ठेवाचे ते नाही समजलं!"

काकांनी पाय दुमडले. पण मग मूर्तीसमोरून उठेचनात. सगळे बसमध्ये जाऊन बसले तरी काका आत. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "थांबा ना मॅडम. बम शांत वाटून राहिलं. इतके दिवस मी इथं कायले येत होतो गा?"

उत्तर मी कशाला देऊ? ते त्यांना काकू देणारच होत्या.

*

पट्टायाला पोचल्यावर सकाळी नाश्ता करता करता सुनंदाताईंनी जाहीर केलं, "मले ते बदनाम गल्ली पाह्यची आहे."

चौधरीकाकांच्या घशात टोस्ट अडकला. "ताई, ते तुमच्यासाठी नाही जी!"

"ज्याच्या नावानं माह्या पोरीची सोयरीक अडली, ते मी डोयानं पाहीन."

नोई हसली आणि सगळ्या बायकांना घेऊन निघाली, सकाळच्या उन्हात. गल्लीत सगळी शटरं बंद. विझलेले बोर्ड. एक माणूस शिडीवर चढून दिव्यांच्या वायरी जोडत होता. एक बाई पाइपानं रस्ता धूत होती, आणि दुसरी आपल्या दारातल्या छोट्या देवळीत फुलं, उदबत्ती आणि लाल सरबताची बाटली ठेवत होती.

"हेच का ते?" ताई म्हणाल्या.

"रात्री येगळं राहते," मागून चौधरीकाका पुटपुटले. ते का आले होते कोण जाणे.

"रात्री तं आमच्या काटोलच्या बसस्टँडवरही भलतेच लोक फिरतात. म्हणून काय काटोल वाईट झालं?"

ताई रस्ता धुणाऱ्या बाईजवळ गेल्या. नोईनं मधे दुभाष्याचं काम केलं. बाई गावाकडची निघाली, भातशेतीवाली. पोरगी कॉलेजात होती, तिच्या शिक्षणासाठी आई इथे राबत होती. दोघी बराच वेळ बोलल्या. निघताना ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आमच्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज चढला होता.

"पोटासाठी राबून राहिल्या इथल्या बाया. कोणी रस्ता धुते, कोणी संत्री विकते, कोणी आणखीन काही करते. बदनाम मात्र यायचा देश! आणि जे इथं पाहाले येतात, त्यायचं गाव काहून नाही बदनाम होत?"

चौधरीकाका वायर जोडणाऱ्या माणसाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

*

परत आल्यावर आठवड्याभरात ताईंचा फोन. "गावंडे येऊन राहिले रविवारी. मॅडम, तुम्ही या. साक्षीले."

मी काटोलला गेले. नारायणराव गावंडे पांढऱ्याशुभ्र शर्टात सोफ्याच्या मधोमध बसलेले, बाजूला त्यांच्या सौभाग्यवती, साध्या, बोलक्या. पलीकडे ताईंचे दीर, घाम पुसत. आतल्या दाराशी पल्लवी उभी. तिचा चेहरा बघवत नव्हता.

पोहे झाले, चहा आला. गावंडेंनी घसा साफ केला.

"मंग? कसा काय आहे थायलंड?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली. हिरव्या संत्र्याचं सांगितलं, विहाराचं सांगितलं, ठेच्याचं सांगितलं. सौभाग्यवती रंगून ऐकत होत्या. "तिथं दुकानात बाई, बाजारात बाई, नावेवर बाई," ताई म्हणाल्या. "हिशोब करून राहिल्या, माल चढवून राहिल्या, आणि कोणी त्यायले विचारत नाही की तू घराबाहेर काहून आली. मले तं आपलंच गाव वाटलं. थोडं जास्तच साफ."

गावंडे मिशीतल्या मिशीत हसले. "आम्ही तं वेगळंच ऐकलं होतं जी."

"काय ऐकलं?"

"ते बायामाणसायसमोर बोलाचं नाही. पण समाजात आमचं नाव आहे. उद्या कोणी विचारलं, तुमच्या विहीणबाई अशा देशात कायले गेल्या होत्या, तं आम्ही काय तोंड दाखवाचं? मी तं म्हणतो, भल्या माणसानं त्या देशाचं नावच घेऊ नये. पाय ठेवणं तं दूरच!"

दीर म्हणाले, "बरोबर आहे साहेब." पल्लवी आत निघून गेली.

ताईंनी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. उठल्या, कपाटातून एक कागदात गुंडाळलेली वस्तू आणली आणि सौभाग्यवतींच्या हातात ठेवली.

"तुमच्यासाठी आणलं होतं, वहिनी. सोयरीक होवो का न होवो, घेऊन जा."

कागद सोडला. आत लाकडाचा बेडूक, थायलंडच्या बाजारात जिथे तिथे मिळतो तो. पाठीवर खाचा, तोंडात एक आडवी काडी. ताई दाखवायला पुढे वाकल्या, पण त्याआधीच सौभाग्यवतींनी बेडकाच्या तोंडातली काडी सर्रकन ओढून काढली आणि त्याच्या पाठीवर फिरवली.

डर्रर्र! डर्रर्र!

अगदी खऱ्या बेडकासारखा आवाज! सौभाग्यवतींचा चेहरा उजळला.

"अवं, हा तं आमच्या घरी पण आहे! शोकेसमध्ये! यायनं इंदूरच्या मीटिंगमधून आणला होता!"

नारायणराव गावंडेंनी हातातला कप अलगद बशीत ठेवला, रुमालानं मिशी पुसली, आणि आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं विचारलं,

"पल्लवी बेटा, घरात पंचांग आहे का गं?"